स्विचांची उतरंड

मंडळी, या वीकांताचा विषय जरा धुळीने माखलेला आहे. आपल्या ऑफिसच्या प्रत्येक मजल्यावर एक अरुंद खोली असते. दाराला कुलूप, आत एसी चोवीस तास चालू, आणि लोखंडी रॅकमध्ये एकावर एक रचलेली चपटी खोकी. त्यांचे हिरवे दिवे अखंड लुकलुकत असतात. आपला त्या खोलीशी संबंध "अरे, नेट गेलं का?" एवढ्यापुरताच.

ही खोकी म्हणजे स्विच. ती पाठीमागून आखूड, जाड केबलने एकमेकांना जोडली असतील तर त्याला स्टॅक म्हणतात. जुन्या घरांत मडक्यांची उतरंड असायची ना, तसंच. ही उतरंड मुळात रचली कोणी आणि कशासाठी, हे वाचत गेलो तेव्हा कळलं की ही गोष्ट एकदा नाही, दोनदा घडली आहे. आणि दोन्ही वेळेला कारण वेगळं होतं.

सुरुवात १९७३ पासून. झेरॉक्सच्या पालो आल्टोच्या संशोधन केंद्रात बॉब मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी इथरनेट जन्माला घातलं. एकच केबल, त्यावर सगळे बोलणार. दोघे एकदम बोलले तर टक्कर. मग दोघांनीही थांबायचं आणि थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करायचा.

यात एक मेख आहे. टक्कर झाली हे बोलणाऱ्याला त्याचं बोलणं संपायच्या आत कळायला हवं. इथरनेटची सगळ्यात छोटी फ्रेम ५१२ बिटांची. १० मेगाबिट वेगाने ती पाठवायला ५१.२ मायक्रोसेकंद लागतात. म्हणजे सिग्नल दुसऱ्या टोकाला जाऊन टकरीची बातमी परत यायला वेळ एवढाच! वाटेतला प्रत्येक हब त्यातला थोडा वेळ खातो. म्हणून नियम झाला की कोणत्याही दोन संगणकांमध्ये जास्तीत जास्त चार हब. ऑफिस वाढलं आणि पाचवा हब साखळीत अडकवला, की चालेल याची खात्री नाही.

मग कंपन्यांनी युक्ती काढली. हब नेहमीच्या पोर्टमधून जोडायचेच नाहीत. आतून आत, खास केबलने जोडायचे, म्हणजे अख्खी चळत मिळून 'एकच हब' मोजली जाईल. ही झाली पहिली उतरंड. १९९५ मध्ये १०० मेगाबिटचं फास्ट इथरनेट आलं तेव्हा हाती उरले फक्त ५.१२ मायक्रोसेकंद, आणि मर्यादा चारवरून एक-दोन हबवर आली. मोठा मजला जोडायचा तर उतरंडीशिवाय सोयच राहिली नाही. थोडक्यात, इथे टंचाई होती वेळेची.

पण ही टंचाई संपवणारी वस्तू तोवर बाजारात आलेली होती. १९९० च्या सुमारास सिलिकॉन व्हॅलीतल्या एका कंपनीने सात पोर्टांचा पहिला इथरनेट स्विच विकायला काढला. कंपनीचं नाव काय असेल? 'कल्पना'! संस्थापक विनोद भारद्वाज आणि लॅरी ब्लेअर. नाव भारद्वाजांच्या पत्नीचं. (१९९४ मध्ये सिस्कोने ही कंपनी विकत घेतली.) हब ऐकलेलं सगळ्यांना ओरडून सांगतो, तर स्विच ज्याचं त्यालाच देतो. टकरीचं क्षेत्र एकेका पोर्टपुरतं उरलं, आणि चारचा नियम गेला. आता हवे तितके स्विच साध्या केबलने जोडा.

हवे तितके? इतकं सोपं असतं तर काय हवं होतं! एक केबल तुटली तरी काम चालावं म्हणून दोन टाकल्या की वर्तुळ तयार होतं. इथरनेटच्या फ्रेमला आयुष्याची मर्यादा नसते, त्यामुळे सगळ्यांसाठी पाठवलेला एक संदेश त्या वर्तुळात फिरत आणि वाढत राहतो, पार नेटवर्कचा गळा आवळेपर्यंत. यावरचा उपाय १९८५ साली डीईसी कंपनीत रेडिया पर्लमन यांनी शोधला होता: स्पॅनिंग ट्री. स्विच आपसांत बोलून जादाच्या वाटा स्वतःच बंद ठेवतात. अप्रतिम युक्ती, पण पैसे मोजून टाकलेली केबल नुसती पडून राहते. शिवाय तिची ठरलेली वेळापत्रकं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साधारण सात स्विच धरून आखलेली आहेत.

याची किंमत काय असू शकते ते नोव्हेंबर २००२ मध्ये दिसलं. बॉस्टनच्या बेथ इस्रायल डीकनेस या मोठ्या रुग्णालयाचं नेटवर्क तुकड्या-तुकड्याने वाढत गेलं होतं. स्पॅनिंग ट्री कोलमडली आणि जवळजवळ चार दिवस डॉक्टर-नर्सेस कागदावर आले. औषधांच्या चिठ्ठ्या, तपासण्यांचे निकाल, सगळं हाताने लिहून, हाताने पोचवून. तिथले माहिती-तंत्रज्ञान प्रमुख जॉन हालाम्का यांनी नंतर हे सगळं जाहीरपणे सांगितलं, इतरांनी धडा घ्यावा म्हणून. मला या माणसाचं फार कौतुक वाटतं.

आता दुसरी उतरंड. २००३ मध्ये सिस्कोचा कॅटलिस्ट ३७५० आला. नऊपर्यंत स्विच खास केबलने गोलाकार जोडायचे, एकूण क्षमता ३२ गिगाबिट. बाहेरून दिसणार एकच स्विच: एक नाव, एक आयपी पत्ता, एक कॉन्फिगरेशन. दोन वेगळ्या खोक्यांतून वर नेलेल्या दोन केबल एकच मानल्या जातात, म्हणजे दोन्ही कामाला लागतात. गोलातली एक केबल तुटली तर क्षमता निम्मी होते, पण काम चालू.

नऊ जणांत एक प्रमुख निवडला जातो. तुम्ही प्राधान्य ठरवून दिलं नाही आणि बाकी सगळं सारखं असेल, तर ज्याचा मॅक पत्ता लहान तो प्रमुख. आणि लहान मॅक पत्ता बऱ्याचदा आधी बनलेल्या खोक्याचा असतो. म्हणजे काय, तर एकत्र कुटुंबातल्यासारखं: थोरला तो कर्ता, मग त्याला झेपो वा न झेपो!

एकत्र कुटुंबाचे तोटेही आलेच. कर्त्याच्या सॉफ्टवेअरमधला दोष सगळ्यांना भोवतो. सॉफ्टवेअर बदलायचं तर बहुधा अख्खी उतरंड एकदम बंद-चालू करावी लागे. आणि दोन केबल तुटून घर दुभंगलं, तर दोन्ही घरांच्या दारावर एकच पाटी, एकच आयपी पत्ता. पोस्टमनने पत्र टाकायचं कुठे?

आता प्रश्न असा की वेळेची टंचाई संपली होती, मग उतरंड पुन्हा का रचली? माझ्या मते या खेपेला टंचाई होती माणसांची. दोनशे स्विच आणि सांभाळणारे दोघे. नऊ ठिकाणी लॉगिन करण्यापेक्षा एकदाच करणं परवडतं.

याचा पुरावा मोठ्या डेटा सेंटरमध्ये मिळतो. २००८ मध्ये सॅन डिएगोच्या संशोधकांनी, चार्ल्स क्लॉस यांनी १९५३ साली टेलिफोन एक्स्चेंजसाठी मांडलेल्या रचनेच्या आधाराने, साध्या स्विचांचं प्रचंड जाळं कसं विणता येईल ते दाखवलं. २०१४ मध्ये फेसबुकने आपली अशी रचना जाहीर केली. तिथे उतरंड नाही. प्रत्येक स्विचला स्वतःचा मेंदू, एक मेला तर बाकीचे त्याची वाट वाटून घेतात. हजारो स्विच सांभाळायला तिथे माणसं नाहीत, प्रोग्रॅम आहेत. हातांची टंचाई संपली आणि एकत्र राहण्याची गरजही संपली.

म्हणून मला वाटतं, "स्टॅक चांगला की वाईट?" हा प्रश्नच चुकीचा आहे. आपल्याकडे टंचाई कशाची आहे, हे आधी विचारावं. दोन माणसांच्या टीमला एका मजल्यासाठी उतरंड उत्तमच. पण सोय एकीची घेतली तर संकटही सामायिक होणार, हे रचतानाच मान्य करायला हवं. तळाचं मडकं निसटलं की वरची सगळी येतात, हे उतरंड रचणाऱ्या आज्ज्यांना ठाऊक होतं. म्हणून तर जड मडकं खाली आणि रोजच्या वापरातलं वर.