पी. के. बॅनर्जी : विंगवरून प्रशिक्षकाच्या बाकापर्यंत

प्रदीपकुमार बॅनर्जी (२३ जून १९३६ – २० मार्च २०२०) हे भारताचे फुटबॉलपटू आणि पुढे राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक. फुटबॉलच्या जगात ते ‘पी. के.’ म्हणूनच ओळखले जात. आशियाई स्पर्धेत खेळाडू म्हणून सुवर्ण आणि प्रशिक्षक म्हणून कांस्य, अशी दोन्ही पदके त्यांच्या नावाशी जोडलेली आहेत.

जन्म बंगालमधील जलपाईगुडी जिल्ह्यातला, पण वाढले ते जमशेदपूरला. तिथूनच ते संतोष ट्रॉफीत बिहारकडून खेळले. कोलकात्याला आल्यावर एरियन क्लब आणि मग कायमचे ईस्टर्न रेल्वे. मोहन बागान किंवा ईस्ट बंगालकडून ते कधीच खेळले नाहीत, हे कोलकात्यात जवळजवळ अशक्य वाटावे असे. तरीही १९५८ मध्ये रेल्वेच्या या संघाने कलकत्ता लीग जिंकली. मोहन बागान, ईस्ट बंगाल आणि मोहम्मेडन स्पोर्टिंग यांच्याबाहेरच्या क्लबाला ते पुन्हा जमायला २०१९ साल उजाडले.

उजव्या विंगवरचा वेग आणि जोरदार फटका ही त्यांची ओळख. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये भारत चौथा आला, त्या संघात ते होते. (मुंबईच्या टाटा संघाचे नेव्हिल डिसूझा यांनी ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक केली ती हीच स्पर्धा.) १९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये पी. के. कर्णधार होते, फ्रान्सशी १-१ अशी बरोबरी झाली, तो गोल त्यांचाच.

१९६२ ची जकार्ता आशियाई स्पर्धा मात्र सर्वांत अवघड. इस्रायल आणि तैवानला यजमानांनी प्रवेश नाकारला, त्यावर भारतीय पदाधिकारी गुरुदत्त सोंधी यांनी आक्षेप घेतला आणि शहरात भारतीयांविरुद्ध संताप उसळला. भारत पहिलाच सामना दक्षिण कोरियाकडून ०-२ असा हरला होता. अंतिम सामन्यात पुन्हा तोच प्रतिस्पर्धी समोर होता आणि प्रेक्षक भारताच्या विरोधात ओरडत होते. पी. के. आणि डोक्याला टाके पडलेले जर्नेलसिंग यांच्या गोलांवर भारत २-१ ने जिंकला. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम पुढच्याच वर्षी कर्करोगाने गेले.

१९६७ मध्ये दुखापतींमुळे पी. के. निवृत्त झाले आणि प्रशिक्षणाकडे वळले. १९७० मध्ये बँकॉकला जी. एम. एच. बाशा यांच्यासह त्यांनी संघ सांभाळला. जपानला १-० हरवून मिळालेले ते कांस्य हे आशियाई स्पर्धेतले भारतीय फुटबॉलचे आजवरचे शेवटचे पदक आहे. १९८२ च्या दिल्ली स्पर्धेतही पी. के. प्रशिक्षक होते, तिथे सौदी अरेबियाकडून ०-१ असा पराभव झाला आणि वाटचाल उपांत्यपूर्व फेरीत थांबली.

क्लब फुटबॉलमध्ये यश जास्त ठळक. १९७५ च्या आयएफए शील्डच्या अंतिम सामन्यात त्यांच्या ईस्ट बंगालने मोहन बागानला ५-० असे हरवले. पुढे ते मोहन बागानमध्ये गेले आणि १९७७ मध्ये ईडन गार्डन्सवर त्यांच्या संघाने पेलेंच्या कॉसमॉसला २-२ असे रोखले. त्याच मोसमात शील्ड, ड्युरँड आणि मुंबईचा रोव्हर्स कप असे तिन्ही चषक बागानकडे आले.

सामन्याआधीच्या त्यांच्या भाषणांना ‘व्होकल टॉनिक’ हे नाव पडले. याला निव्वळ बडबड म्हणणारेही होते. जुलै १९९७ मध्ये फेडरेशन कपच्या उपांत्य सामन्यात अमल दत्त यांच्या मोहन बागानची ‘डायमंड’ रचना जोरात होती. पी. के. पुन्हा ईस्ट बंगालच्या बाकावर. सॉल्ट लेक स्टेडियमवर सव्वा लाखाहून अधिक प्रेक्षक आले. बायचुंग भुतियाने हॅटट्रिक केली आणि ईस्ट बंगाल ४-१ ने जिंकले.

१९६१ मध्ये अर्जुन पुरस्कार मिळवणारे ते पहिले फुटबॉलपटू; १९९० मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या निधनानंतर सहाच आठवड्यांत जकार्ताचे कर्णधार चुनी गोस्वामीही गेले.