पर्फोरेटर: फाळक्यांच्या खरेदीतला एक शब्द

दादासाहेब फाळके 1 फेब्रुवारी 1912 रोजी लंडनला निघाले आणि 1 एप्रिलला परतले. तिथे केलेल्या चित्रपटसामग्रीच्या खरेदीविषयी लिहिताना विल्यमसन कॅमेऱ्याचे कौतुक होते. त्याच यादीत कोडॅकच्या कोऱ्या फिल्मशेजारी ‘पर्फोरेटर’ हा शब्द येतो, आणि त्यावर सहसा कोणी थांबत नाही.

पर्फोरेटर म्हणजे फिल्मच्या दोन्ही कडांना भोके पाडणारे यंत्र. कॅमेऱ्यातले आणि प्रोजेक्टरमधले दाते या भोकांत अडकून फिल्म पुढे ओढतात. भोकांमधले अंतर केसभर चुकले तरी पडद्यावरचे चित्र थरथरते. त्या काळी कोरी फिल्म पुष्कळदा बिनभोकांचीच विकली जाई. निर्मात्याने आपल्या यंत्रावर भोके पाडून घ्यायची. म्हणून खरेदीतला हा एक शब्दही पुरावा ठरतो: फाळक्यांकडे फिल्म, निदान काही प्रमाणात, बिनभोकांची येणार होती.

भोके कोणत्या मापाची? 1909 मध्ये पॅरिसच्या परिषदेत 35 मिलिमीटर रुंदी आणि प्रत्येक चौकटीला दोन्ही कडांवर चार-चार भोके हे माप मान्य झाले होते. फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट 3 मे 1913 रोजी गिरगावच्या कोरोनेशन चित्रपटगृहात लागला. तिथे परदेशी चित्रपटही दाखवले जात, तेव्हा फाळक्यांची फिल्म त्याच मापाची असणार. हा तर्क आहे, पण भक्कम.

आता थोडा हिशेब. चित्रपटाची लांबी 3,700 फूट नोंदलेली आहे. फुटाला 16 चौकटी, चौकटीला आठ भोके. म्हणजे एका प्रतीला 4,73,600 भोके. निगेटिव्ह वेगळी, वाया गेलेली फिल्म वेगळी. अर्थात यंत्र एका दाबात अनेक भोके पाडते, त्यामुळे हा आकडा दाबांचा नव्हे. तरीही कामाचा आवाका त्यातून कळतो.

हे काम केले कोणी? यंत्रसामग्री मे 1912 मध्ये मुंबईत पोहोचली. सोबत आलेल्या आराखड्यावरून फाळक्यांनी ती चार दिवसांत जुळवली आणि भोके पाडण्याचे व फिल्म धुण्याचे काम घरच्यांना शिकवले, असे त्यांचे चरित्र सांगते. भोके पाडण्याच्या कामात फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांचे नाव येते ते कुटुंबाकडून आलेल्या आठवणींत. अशा आठवणी उशिरा नोंदल्या जातात, म्हणून त्या जपूनच वापराव्या लागतात. इथे मात्र खरेदीची यादी आणि आठवण या दोन वेगळ्या वाटा एकाच ठिकाणी येतात. यादीत यंत्र आहे, आठवणीत ते चालवणारी व्यक्ती. शिवाय फाळक्यांच्या दादरच्या घरात साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाकही सरस्वतीबाईच सांभाळत, असे त्याच आठवणी सांगतात. तेव्हा फिल्मचे काम रात्रीकडे ढकलले गेले असावे, हा माझा अंदाज.

खुद्द फिल्मची साक्ष काढावी, तर अडचण येते. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात पहिले व शेवटचे रीळ आहे, पण ती रिळे 1917 च्या नव्या आवृत्तीची असल्याचे काही अभ्यासक मानतात. त्यांच्या कडांवरून 1913 बद्दल निर्णय देता येणार नाही.

तरीही कागद आणि आठवण मिळून एवढे नक्की म्हणता येते: ‘राजा हरिश्चंद्र’च्या तंत्रज्ञांची यादी करताना सरस्वतीबाई फाळके यांचे नाव त्यात असायला हवे.