बाबासाहेबांच्या पीएचडीला अकरा वर्षं का लागली?

"पीएचडी करून काय दिवे लावणार?" डिसेंबर २०२३ मध्ये विधान परिषदेत हा सवाल आला, दोन दिवस सोशल मीडियावर खडाजंगी झाली आणि सगळे विसरले. फेलोशिपची वाट बघणारी पोरं मात्र अजून तिथंच आहेत. मी इतिहासाचा विद्यार्थी, म्हणून उत्तर इतिहासातूनच देतो.

१९१३. सयाजीराव गायकवाडांनी तरुण भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात पाठवलं. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षं. १९१५ मध्ये एम.ए.चा प्रबंध झाला, ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि अर्थव्यवहार यावर. १९१६ मध्ये पीएचडीसाठी 'नॅशनल डिव्हिडंड ऑफ इंडिया' लिहिला. तिथून ते लंडनला गेले. एकाच वेळी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि बॅरिस्टरी!

आणि १९१७ मध्ये शिष्यवृत्ती संपली. अभ्यास अर्धवट टाकून परत यावं लागलं. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची सवलत तेवढी विद्यापीठाकडून मिळवली. सामान वेगळ्या बोटीनं पाठवलं होतं. महायुद्ध चालू होतं, टॉर्पेडो लागून ती बोटच बुडाली. कित्येक वर्षांत जमवलेली पुस्तकं गेली. पुढे बडोद्यात नोकरी, पण अस्पृश्य म्हणून राहायला जागा कुणी देईना.

सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पै पै साठवली. शाहू महाराजांनी हातभार लावला, पारशी मित्र नवल भथेना यांच्याकडून ५ हजार रुपये उसने घेतले आणि १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठलं. इकडे मुंबईत रमाबाई पोटाला चिमटा काढून संसार ओढत होत्या. तिकडे हे इंडिया ऑफिस आणि ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयांत सरकारी अहवाल उपसत होते.

आता विषय बघा. कंपनीचा खर्च कोण भरतो? प्रांतांचा पैसा कुणाच्या हातात? रुपयाची किंमत कोण ठरवतं आणि घसरली की मार कुणाला बसतो? वरून रुक्ष हिशेब वाटतात, पण प्रश्न सत्तेचे आहेत. चांगला प्रबंध असाच उभा राहतो: एक नेमका प्रश्न, आणि त्यामागे मूळ कागदपत्रांचा ढीग.

१९२२ मध्ये डी.एस्सी.साठी 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' सादर केला. केन्ससारखा अर्थतज्ज्ञ ज्या चलनपद्धतीची बाजू घेत होता, तिच्यावरच यात टीका होती. परीक्षकांनी हरकती घेतल्या, पुन्हा लिहा म्हणाले. तोवर पैसे संपले होते. मुंबईत परतून त्यांनी प्रबंध दुरुस्त केला आणि लंडनला धाडला. १९२३ च्या अखेरीस पदवी मिळाली. मार्गदर्शक एडविन कॅनन यांना त्यातली बरीच मतं मान्य नव्हती. तरी पुस्तकाला प्रस्तावना त्यांनीच लिहिली. विद्यार्थ्याला आपल्याशी भांडू देणारा असा गाईड आज किती जणांच्या वाट्याला येतो?

आणि कोलंबियाची पीएचडी? तिथला नियम असा, की प्रबंध छापून प्रती जमा केल्याशिवाय पदवी नाही. १९२५ मध्ये 'द इव्होल्युशन ऑफ प्रोव्हिन्शियल फायनान्स इन ब्रिटिश इंडिया' छापून आला आणि १९२७ मध्ये पदवी हाती पडली. १९१६ पासून मोजा, अकरा वर्षं.

बुद्धी कमी होती म्हणून ही वर्षं गेली का? शिष्यवृत्ती संपली, सामान बुडालं, जागा मिळाली नाही, पोटासाठी नोकरी करावी लागली, म्हणून गेली. आणि दिवे म्हणाल, तर १९२५ मध्ये हिल्टन यंग चलन आयोगापुढे साक्ष द्यायला हाच अभ्यास कामी आला.

आज खेड्यातून आलेली मुलगी पुण्यात कॉट बेसिसवर राहून अभिलेखागारात मोडी वाचत असते. फेलोशिप सहा महिने अडकली की आधी भाडं थकतं, मग मेस बंद होते, मग ती गावी जाते. प्रबंध तिथंच थांबतो, आणि आपण म्हणतो, मुलं टाइमपास करतात.

शिस्त हवी, तपासणी हवी, कॉपी-पेस्ट प्रबंधांना चाप हवा, सगळं मान्य. पण पैसे वेळेवर द्या. बडोद्याची शिष्यवृत्ती आणखी दोन-तीन वर्षं चालली असती, तर त्या अकरातली किती वर्षं वाचली असती, याचा हिशेब ज्यानं त्यानं करावा.