तुफानातील काळक्षेप

कुठेही पोहोचण्याची निकड नसताना केवळ समुद्रावर काही आठवडे काढण्याकरिता बोटीचे तिकीट काढावे, ही चाल ज्या हिवाळ्याने युरोपात रूढ केली, त्या हिवाळ्याचा हौसेशी संबंध फार थोडा होता आणि जमाखर्चाशी फार मोठा होता. हाम्बुर्ग-अमेरिका कंपनीचा कारभार पाहणाऱ्या आल्बर्ट बालिनपुढे दरसाल एकच अडचण उभी राही : उत्तर अटलांटिकवर हिवाळी वादळे घोंघावू लागली की अमेरिकेला जाणारे उतारू घरी बसत, आणि अफाट भांडवल ओतून बांधलेली वेगवान जहाजे गोदीत निष्क्रिय पडून राहत. बालिनने तजवीज अशी केली की, उतारू समुद्राकडे येत नसतील तर त्यांना दुसऱ्या, सौम्य समुद्राकडे न्यावे. आणि २२ जानेवारी १८९१ रोजी ‘औगुस्ता व्हिक्टोरिया’ ही बोट २४१ उतारू घेऊन कुक्सहाफेनहून भूमध्य समुद्राच्या सफरीस निघाली, ती सुमारे दोन महिन्यांनी परतली. पर्यटन-जहाजांचा नियमित धंदा येथून धरला जातो. खराब हवेतून सुटका करून घेण्याच्या या युक्तीतून जो व्यवसाय निर्माण झाला, त्याला खराब हवेने पुढे कधीच सोडले नाही. कारण कंपनीच्या वेळापत्रकाची इतल्ला समुद्राला देण्याची सोय कोणत्याच दप्तरात नव्हती. आभाळ भरून आले, डेक बंद झाला, आता या माणसांनी करावे काय, हा प्रश्न प्रत्येक कप्तानापुढे येत राहिला. आणि माझ्या मते जहाजाच्या पोटात पुढे जे दिवाणखाने, व्यायामशाळा, छापखाने आणि जुगाराचे अड्डे थाटले गेले, त्यांतील बहुतेकांचे मूळ या प्रश्नात सापडते.

बालिनच्या आधी पन्नास वर्षे या प्रश्नाला उत्तर नव्हतेच. चार्ल्स डिकन्स ४ जानेवारी १८४२ रोजी क्यूनार्ड कंपनीच्या ‘ब्रिटानिया’ बोटीने लिव्हरपूलहून निघाला आणि बॉस्टनला २२ तारखेस पोहोचला. साडेअकराशे टनांची ही लाकडी चक्रनौका तिच्या काळी मातबर समजली जाई, उतारूंच्या दुधासाठी बोटीवर गाय ठेवण्याइतकी कंपनीची आस्था होती. परंतु हवा बिघडल्यावर गायीचा उपयोग नसे. बोट लागलेल्या माणसाची मनःस्थिती, म्हणजे जहाज बुडाले तरी चालेल पण कोणी बोलू नये अशी जी एक विरक्ती त्याच्या ठायी येते, तिचे वर्णन डिकन्सने आपल्या अमेरिकेच्या प्रवासवर्णनात इतक्या रसिकतेने केले आहे की, ती अवस्था भोगत असताना त्याची नजर मात्र शाबूत होती असे म्हणावे लागते. जे उभे राहू शकत, ते संध्याकाळी व्हिस्ट खेळत. आणि टेबलावर पाने ठरेनात तेव्हा जिंकलेले हात त्यांनी सरळ खिशात घालण्याचा रिवाज पाडला.

१८६७ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कहून निघालेली ‘क्वेकर सिटी’ ही तर निखळ सहलीचीच बोट होती. साडेबाराशे डॉलर भरून पवित्र भूमीच्या यात्रेस निघालेली ही धर्मशील मंडळी धक्क्यावरून मोठ्या समारंभाने हलली खरी, पण बाहेर वादळ असल्यामुळे त्यांना बंदराच्या तोंडाशीच नांगर टाकून मुक्काम करावा लागला. त्यांच्यात मार्क ट्वेन असल्यामुळे त्यांच्या काळक्षेपाची जी नोंद झाली, तशी दुसऱ्या कोणत्याही बोटीची झालेली नाही. डेकवर खडूने चौकटी आखून लाकडी चकत्या लांब काठीने ढकलण्याचा एक खेळ ही मंडळी खेळत. बोट एका अंगावर कलली की नेमकी सोडलेली चकती भलतीकडे जाई, त्यामुळे खेळाडूला आपल्या हातापेक्षा लाटेचा हिशेब अधिक ठेवावा लागे. नृत्याचा बेतही झाला. परंतु बोट उजवीकडे झुकताच सगळा मेळा उजव्या कठड्याशी आणि डावीकडे झुकताच डाव्या कठड्याशी जाऊन आदळू लागला, तेव्हा तो आवरता घ्यावा लागला. मग ओव्हरकोटाच्या चोरीचा एक लटका खटला उभा करण्यात आला. रोज संध्याकाळी प्रार्थना आणि त्यानंतर रोजनिशीलेखन असा शिरस्ता असे. पहिल्या आठवड्यात जो तो सलूनमध्ये बसून पानेच्या पाने भरीत होता, आणि पुढे बहुतेकांच्या वह्या कोऱ्या राहिल्या. यात मला तरी नवल वाटत नाही. खवळलेल्या समुद्रावर माणसाला दिवसेंदिवस लिहिण्यासारखे फारसे घडत नाही, आणि जे घडते ते लिहिण्यासारखे नसते.

माणसांना गुंतवून ठेवण्याऐवजी हेलकावेच थांबवावेत, असा विचार करणारा एक धाडसी पुरुष पुढे आला, तो म्हणजे पोलादाच्या धंद्यात अमाप कीर्ती आणि संपत्ती मिळविलेला सर हेन्री बेसेमर. इंग्लिश खाडी ओलांडताना स्वतः बोट लागून बेजार झाल्यावर त्याने असे योजिले की, जहाज डोलते तर डोलो, उतारूंचा दिवाणखाना तेवढा स्थिर राहावा. त्याच्याच नावाच्या बोटीच्या मध्यभागी हा भव्य दिवाणखाना आसावर टांगण्यात आला. एका माणसाने द्रवपातळीच्या नळीवर नजर ठेवावी आणि जहाज ज्या बाजूस कलेल त्याच्या उलट दिशेस जलदाबाच्या यंत्राने दिवाणखाना वळवावा, अशी व्यवस्था होती. कागदावर यात दोष काढणे कठीण. परंतु जहाजाच्या पोटात एवढे अवजड दालन हलू लागल्यावर खुद्द जहाज सुकाणूला दाद देईना, आणि १८७५ साली कॅले बंदरात शिरताना तेथील धक्क्याचा काही भाग या बोटीने उद्ध्वस्त केला, तेव्हा भागीदारांचा धीर सुटला. कंपनी बुडाली, बोट मोडीत निघाली, आणि तो सुप्रसिद्ध दिवाणखाना केंट परगण्यातील एका वाड्याला जोडून तेथे बिलियर्ड खेळण्याची खोली करण्यात आली. चेंडू जागच्या जागी राहावा अशी जेथे सर्वाधिक अपेक्षा असते, असे ते स्थान त्याला शेवटी जमिनीवर लाभले.

बेसेमरच्या फजितीनंतर कंपन्यांनी पुन्हा उतारूंच्या मनोरंजनाकडेच मोर्चा वळविला. १८९९ च्या नोव्हेंबरात ‘सेंट पॉल’ बोटीवर मार्कोनीने बिनतारी यंत्राने मिळविलेल्या बातम्या एका छोट्या पत्रात छापून काढण्यात आल्या, आणि थोड्याच वर्षांत क्यूनार्डच्या बोटींवर रोजचे वर्तमानपत्र निघू लागले. केबिनमध्ये पडून राहिलेल्या माणसाला जगात आपल्याशिवाय आणखीही कोणाचे हाल चालले आहेत हे कळणे हा काही लहान दिलासा नव्हता. ‘एड्रिॲटिक’ बोटीवर १९०७ मध्ये पोहण्याचा हौद आला, पण बोट डोलू लागली की हौदाला भरती-ओहोटी येते, त्यामुळे अशा दिवसांत तो रिकामाच ठेवावा लागतो. ‘टायटॅनिक’च्या व्यायामशाळेत विजेवर चालणारा एक उंट आणि घोडे होते, त्यांवर स्वार होऊन सभ्य स्त्रीपुरुष जागच्या जागी हिंदकळत. जहाज फुकट जे देत होते तेच विकत देण्याची ही कल्पना मोठ्या व्यापारी बुद्धीची द्योतक म्हटली पाहिजे.

पण वादळी दिवसाची सर्वांत रंगलेली करमणूक धूम्रपानाच्या दालनात चाले. आदल्या दुपारपासून आजच्या दुपारपर्यंत जहाजाने किती मैल तोडले, यावर पैज लागे. कप्तानाकडून अंदाजाचा एक आकडा येई. त्याच्या मागेपुढे असलेल्या काही आकड्यांचा जाहीर लिलाव होई, आणि त्या सर्वांच्या वरचे एक ‘वरचे रान’ व सर्वांच्या खालचे एक ‘खालचे रान’ अशी दोन पुंजकी निराळी विकली जात. हवा स्वच्छ असता या लिलावात फारसा जीव नसे. वारा वाढला, लाटा नाळेवर फुटू लागल्या, की जहाजाची गती मंदावणार हे हेरून लोक खालच्या रानावर तुटून पडत. आणि एरवी वादळाला शिव्या देणारा गृहस्थ ते रात्रभर टिकावे म्हणून मनोमन विनवणी करी. रोआल्ड डाल या कथाकाराने १९५२ साली यावर एक गोष्ट लिहिली. तिच्यातला इसम ऐपतीबाहेर बोली करून खालचे रान घेतो, सकाळी पाहतो तो समुद्र शांत. तेव्हा बोट थांबवून वेळ खाण्यासाठी तो पाण्यात उडी टाकतो. त्याच दालनात सराईत पत्तेबाजही वावरत, आणि त्यांच्यापासून सावध राहावे म्हणून कंपन्या सूचना लावीत. बंद दाराआड कंटाळलेले श्रीमंत लोक एकत्र सापडण्याची असली संधी जमिनीवर क्वचितच मिळते.

आपल्याकडे या साऱ्या प्रकरणाला मोसमी पावसाचे परिमाण होते. १८८८ साली मोहनदास गांधी विलायतेस जाण्याकरिता मुंबईत आले, तेव्हा जून-जुलैत हिंदी महासागर खवळलेला असतो, पहिलाच प्रवास आहे, तरी नोव्हेंबरपर्यंत मुलाला पाठवू नये, असा सल्ला स्नेह्यांनी त्यांच्या भावाला दिला. एक बोट नुकतीच वादळात बुडाल्याची वार्ताही कोणी कानावर घातली. गांधी ४ सप्टेंबरला निघाले आणि बोट त्यांना लागली नाही. मुंबई-एडनचा हा टप्पा पावसाळ्यात पी. अँड ओ. कंपनीच्या उतारूंना फार अप्रिय असे. केबिनच्या गोल खिडक्या लाटांच्या भयाने बंद कराव्या लागत, त्यामुळे आत उकाडा आणि बाहेर पाणी अशा कात्रीत माणूस सापडे. जेवणाच्या टेबलांना कडेने लाकडी पट्ट्या बसवीत, ताटे घसरू नयेत म्हणून चादरी ओल्या करीत. आणि हे सारे करणारे हात बहुधा गोव्याचे असत. डेकवर सारंगाच्या आणि तांडेलाच्या हुकमतीखाली दोर ओढणारे खलाशी रत्नागिरी जिल्ह्यातील कोकणी मुसलमान, सलूनमध्ये वाढणारे गोव्याचे ख्रिस्ती, अशी भरतीची वाटणीच पडून गेलेली होती. काम मिळेपर्यंत धोबी तलावाजवळच्या आपापल्या गावच्या कूडीत, म्हणजे गावकऱ्यांच्या सामाईक बिऱ्हाडात, राहणाऱ्या त्या गोवेकराला खराब हवेत वेळ कसा घालवावा, हा प्रश्न कधी पडल्याचे ऐकिवात नाही. उतारू जितके आडवे, तितके त्याचे काम वाढलेले.

डेकवरच्या गरीब उतारूंकरिता दिवाणखाना नव्हता, लिलाव नव्हता. १८९६ च्या डिसेंबरात गांधी मुंबईहून ‘कुरलँड’ बोटीने दक्षिण आफ्रिकेस जात असता नाताळचा किनारा चार दिवसांवर राहिला आणि तुफान झाले. जवळजवळ चोवीस तास हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती सगळे एका ठिकाणी जमून एकाच ईश्वराची करुणा भाकीत राहिले, नवस बोलले गेले. बोट न लागणाऱ्या गांधींकडे कप्तानाकडून तासातासाला खबर आणून ती लोकांत फिरविण्याचे काम आले, आणि मला वाटते, त्या बोटीवर त्या दिवशी खरा उद्योग असलेले उतारूंपैकी ते एकटेच असावेत. वादळ निवळल्यावर ईश्वराचे नाव ओठांवरून गेले आणि खाणेपिणे, गाणेबजावणे पूर्ववत सुरू झाले, हे त्यांनी आत्मकथेत किंचितही न रागावता नमूद केले आहे. पुढे २९ ऑगस्ट १९३१ रोजी गोलमेज परिषदेसाठी ते ‘राजपुताना’ बोटीने निघाले, तेव्हाही पावसाळा संपलेला नव्हता. दुसऱ्या वर्गाच्या डेकवर ठाण मांडून ते सूत काढीत, सायंप्रार्थना घेत, आणि गोऱ्या उतारूंपैकी काही कुतूहलाने तेथे येऊन बसत.

यंत्रज्ञांनी दरम्यान बेसेमरचा मूळ हेका सोडलेला नव्हता. १९३२ च्या ‘कोन्ते दी साव्होया’ या इटालियन जहाजात शंभर-शंभर टनांची तीन प्रचंड भोवरेवजा चक्रे बसविली होती, त्यांचा जाहिरातीला झाला तितका उपयोग पोटाला झाला नाही. १९३६ साली ‘क्वीन मेरी’ निघाली, तेव्हा एवढे विशाल जहाज काय डोलणार, अशा खात्रीने मार्गिकांत धरायला कठडेसुद्धा लावलेले नव्हते. पहिल्याच वर्षीच्या वादळांत सामानासकट माणसे भिंतीवर आपटल्यावर ते घाईघाईने बसविण्यात आले. अखेर जहाजाच्या दोन्ही बगलांतून पाण्याखाली बाहेर काढता येणारे पंख हा उपाय लागू पडला. पी. अँड ओ.च्या ‘चुसान’ या चोवीस हजार टनांच्या बोटीवर ते १९५० साली आले, मोठ्या उतारू-बोटीवरचा तो पहिलाच प्रयोग. ‘क्वीन मेरी’ला ते मिळायला १९५८ साल उजाडले, आणि तोवर उतारू विमानाकडे वळू लागले होते. या पंखांनी कुशीवर होणारे डोलणे आवरते. नाळ लाटेवर चढून खाली कोसळते ते आवरत नाही. आजच्या नगरीसारख्या जहाजांवरही हवा फारच बिघडली की हौद रिकामे करतात, उघडे डेक बंद करतात, आणि जिन्यांच्या तोंडाशी कागदी पिशव्या ठेवतात.

कोकणच्या किनाऱ्याने या प्रश्नाचा निकाल फार पूर्वी आणि फार सरळ लावला होता. मेअखेर समुद्र फिरला की किनाऱ्याच्या आगबोटी बंद होत, त्या पाऊस सरेपर्यंत; चाकरमान्याने गणपतीला जायचे तर घाट उतरून जावे. मुंबई-रेवस हा जवळचा फेरा मात्र पावसात चालू ठेवला जाई, आणि त्याच फेऱ्यावर १७ जुलै १९४७ रोजी ‘रामदास’ बोट सहाशेहून अधिक माणसांसह बुडाली. २०१८ साली मुंबई-गोवा मार्गावर ‘आंग्रिया’ ही सहलीची बोट सुरू झाली, तेव्हा तिचे वेळापत्रकही पावसाळ्याचे महिने वगळूनच आखण्यात आले.