संगणकाचा पंचनामा

आकस्मिक मृत्यूनंतर जसा पंचनामा होतो, तसाच तो संगणकाचा प्रोग्रॅम कोसळल्यावरही करावा लागतो. कोसळण्याच्या क्षणी स्मृतीत जे जे होते त्याचा उतारा फाइलीत जतन करतात. त्यास ‘कोअर डंप’ म्हणतात. ‘कोअर’ म्हणजे फेराइटचे चिमुकले चुंबकीय कडे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली सुरू झालेल्या ‘टिफ्रॅक’ संगणकाची स्मृती अशाच कड्यांची होती. कडी गेली, नाव मात्र उरले.

परंतु खुद्द कार्यप्रणालीच कोसळली तर उतारा कोणी लिहावा? मरणासन्नाच्या थरथरत्या हातावर विसंबणे धोक्याचे. बंगळूर येथील आयबीएमच्या लिनक्स विभागात या प्रश्नावर काम झाले. विवेक गोयल आणि हरिप्रसाद नेल्लितीर्थ यांनी अमेरिकेतील एरिक बीडरमन यांच्यासह २००५ साली ‘के-डंप’ ही पद्धत मांडली. स्मृतीचा एक कोपरा आधीच राखून ठेवायचा; मुख्य प्रणाली कोसळताच तेथून दुसरी, निरोगी प्रणाली सुरू करायची, आणि पहिलीची स्मृती तिने नोंदवायची. साक्षीदार मृतापासून वेगळा झाला.

ऑगस्ट २००५ मधील लिनक्सच्या २.६.१३ या आवृत्तीत ही सोय आली. आणि त्याच आवृत्तीत दुसरीही एक आली. काही प्रोग्रॅम चालवतो सामान्य माणूस, पण अधिकार वापरतात ते मालकाचे. ही युक्ती बेल प्रयोगशाळेतील डेनिस रिची यांची. अशांच्या उताऱ्यात परवलीचे शब्दही सापडू शकतात. म्हणून तो एरवी लिहिलाच जात नसे. आता तो लिहावा, पण केवळ प्रशासकाने वाचावा, अशी मुभा मिळाली. दुर्दैव असे, की सामान्य प्रोग्रॅमही स्वतःसाठी ही मुभा मागू शके. मग तो मुद्दाम कोसळे, आणि त्याचा उतारा जेथे त्याला लिहिण्याची मनाई होती तेथे प्रशासकाच्या नावे उतरे. ठरावीक वेळी करावयाच्या कामांच्या यादीत तो पडला, तर त्यातील आज्ञा पूर्ण अधिकाराने पाळल्या जात! जुलै २००६ मध्ये २.६.१७.४ या आवृत्तीने हे दार बंद केले.

म्हणूनच जुन्या प्रणालीवरील बिघाड शोधताना प्रथम आवृत्ती पाहावी, आणि उताऱ्याची मुभा काम संपताच काढून घ्यावी. पंचनामा सत्यासाठी असतो. तो कोठे ठेवला जातो आणि कोणाच्या हाती पडतो, हेही तितक्याच दक्षतेने पाहिले पाहिजे.