आरोग्य संशोधनातील सहभागींची नोंदणी (प्राथमिक आरोग्य केंद्रे, भंडारा परिसर)

प्राथमिक आरोग्य केंद्रात वा उपकेंद्रात येणाऱ्यांना नीट माहिती देऊन, त्यांच्या संमतीने अभ्यासात सामील करून घेण्याची प्रक्रिया. मोठ्या रुग्णालयात बहुधा गुंतागुंतीचे रुग्ण पोहोचतात. गावपातळीच्या नोंदवहीत मात्र धडधाकट गरोदर बाईही असते, म्हणूनच इथल्या नोंदणीचे मोल मोठे.

नागपूर, भंडारा व शेजारच्या जिल्ह्यांच्या ग्रामीण भागात नागपूरच्या लता मेडिकल रिसर्च फाउंडेशनने माता-नवजात नोंदवही चालवली. संमती देणाऱ्या गरोदर स्त्रियांची माहिती प्रसूतीनंतर ४२ दिवसांपर्यंत तीत घेतली जात असे. हे काम अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या 'ग्लोबल नेटवर्क'चा भाग होते. याच जाळ्यातल्या ॲस्पिरिन चाचणीत २०१६ ते २०१८ दरम्यान सहा देशांतल्या ११,९७६ पहिलटकरणी सहभागी झाल्या. भारतात नागपूर आणि बेळगाव ही केंद्रे होती. रोज ८१ मिलिग्रॅमची गोळी घेणाऱ्या गटात अकाली प्रसूतीचे प्रमाण ११.६ टक्के राहिले, औषधविरहित गोळीच्या गटात १३.१ टक्के.

या चाचणीसाठी सहा आठवड्यांपासून चौदावा आठवडा लागण्याआधीच नाव नोंदवणे आवश्यक होते. आपल्याकडे तीन महिने होईपर्यंत दिवस गेल्याची बातमी उंबऱ्याबाहेर जात नाही. पाळी चुकल्याचे आधी कळते ते आशाताईला, आणि तेही तिच्यावर विश्वास असेल तरच. पुढे पहिले बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यानंतर बाई दुसऱ्या तालुक्यात, कधी मध्य प्रदेशातही जाते, म्हणून नोंदणीच्या दिवशीच माहेरचे गाव आणि फोन विचारून ठेवावा लागतो. भंडारा धानाचा जिल्हा. रोवणीच्या दिवसांत दुपारची गृहभेट म्हणजे कुलूप लावलेले दार. भेट सकाळी लवकर किंवा दिवेलागणीनंतर ठेवावी.

सर्वांत नाजूक भाग संमतीचा. लसीकरण करणारी नर्सबाई किंवा उपचार करणारे डॉक्टरच 'सामील व्हा' म्हणाले, तर नकार देणे बाईला जड जाते. नाही म्हटले तर पुढची तपासणी नीट होईल का, ही धास्ती असते. त्यामुळे विचारणारी व्यक्ती शक्यतो उपचारापासून वेगळी हवी. सासू-नवऱ्याशी बोलायला वेळ द्यावा, पण निर्णय बाईचाच. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सहभाग ऐच्छिक असतो आणि केव्हाही माघार घेता येते. वाचता न येणाऱ्या स्त्रीचा अंगठा घेताना संशोधकांशी संबंध नसलेला साक्षीदार हजर लागतो, आणि संमतीपत्राची प्रत तिला दिली जाते.