आजीचा मध, सोलापूरचे डॉक्टर आणि नवी कातडी

गेल्या महिन्यात कुकरच्या वाफेने आईचा हात भाजला. मी तिला हात नळाखाली धरायला लावला, तेवढ्यात आजी मधाची बाटली घेऊन हजर! "आजी, काय हे जुनं खूळ," असं मी फटकन बोलून गेलो. रात्री वाचायला बसलो आणि गप्पच झालो.

खूळ जुनं होतंच. इजिप्तच्या एडविन स्मिथ पपायरसमध्ये, म्हणजे साधारण इ.स.पू. १६०० मध्ये, जखमेवर मध लावायला सांगितलंय. आपल्या सुश्रुतसंहितेतही व्रणावर मध आणि तूप आहे. पण पुरावा? तो चक्क सोलापुरात सापडला. १९९१ मध्ये तिथले सर्जन डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी 'ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरी'त भाजलेल्या १०४ रुग्णांचा अभ्यास मांडला. निम्म्यांना मध, निम्म्यांना नेहमीचं सिल्व्हर सल्फाडायझिन मलम. मधवाल्यांच्या जखमा लवकर भरल्या.

का? मधात साखर इतकी दाट असते की जंतूंमधलं पाणीच खेचलं जातं. शिवाय तो आम्लधर्मी, आणि त्यातून थोडं थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं.

पण एक लक्षात घ्या, कातडी मध बनवत नाही. ती बनवतात त्वचेच्या तळाच्या थरातल्या आणि केसांच्या मुळाशी असलेल्या स्टेम सेल्स. माझ्या भाषेत सांगायचं तर मध म्हणजे फायरवॉल. कोड लिहिणारे वेगळेच!

आणि खोल भाजून त्या पेशीच जळाल्या तर? १९७५ मध्ये अमेरिकेत हॉवर्ड ग्रीन आणि जेम्स राइनवाल्ड यांनी माणसाच्या त्वचेच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून दाखवल्या. १९८३ मध्ये ९५ टक्क्यांहून जास्त भाजलेली दोन मुलं बॉस्टनमध्ये अशाच, त्यांच्याच पेशींपासून वाढवलेल्या त्वचेमुळे वाचली. २०१७ मध्ये मिकेले दे लूका यांच्या टीमने सात वर्षांच्या एका मुलाची ८० टक्के त्वचा जीन दुरुस्त करून बदलल्याचं जाहीर केलं. ती सगळी त्वचा टिकवून धरल्या होत्या मोजक्या स्टेम सेल्सनी.

म्हणून 'मधाने स्टेम सेल जागे करा' असं क्रीमच्या डब्यावर दिसलं, तर पाकीट खिशातच ठेवा.

आईच्या हाताला मध लावला का? नाही. घरातला मध निर्जंतुक केलेला नसतो. दवाखान्यातला गॅमा किरणांनी केलेला असतो. आम्ही डॉक्टरकडे गेलो. पण परत आल्यावर आजीला सोलापूरची गोष्ट सांगितली आणि "खूळ" हा शब्द मागे घेतला. ती म्हणाली, "बरं झालं, शिकलास ते कामी आलं."

भेटू पुढच्या भागात!